पेजेतली घट

तीस वर्षं मी दुसऱ्यांचे काटे तपासले. वजनमापे निरीक्षक हे पद तसं छोटं, पण निरीक्षक बाजारात शिरला की किराणावाल्यापासून सोनारापर्यंत सगळे एकदम हसायला लागतात. माणूस विनाकारण इतका हसतो तेव्हा पारड्याखाली काहीतरी चिकटवलेलं असतं, एवढं ज्ञान मला नोकरीने दिलं. निवृत्तीनंतर ते कुठे वापरायचं हा प्रश्न होता. तो माझ्या घशाने सोडवला.

ज्यांच्या घरी कुणाला पोटात नळी बसली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. धीर देणं मला जमत नाही. धीर देणाऱ्यांचा मला संशयच येतो. जे झालं तेवढं सांगतो.

पहिला घास

आमच्या तुमसरात भात अडकणं ही सांगायची गोष्ट नाही. इथे धान पिकतं, इथेच भरडलं जातं, आणि दोन वेळा भात पोटात गेला नाही तर माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही. एका लग्नाच्या पंगतीत घास घशातच बसला. पाणी प्यायलो, उतरला. मग मी घास लहान करत गेलो. भाताचं वरण-भात झालं, वरण-भाताचं नुसतं वरण. कुणाला काही बोललो नाही.

सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, ते ओळखलं. "अजी, पहिले तुमचं ताट माह्या आधी रिकामं होत होतं. आता मी भांडे घासून येतो तरी तुमी बसलेच. काय लपवून राहिले?"

नागपूरच्या दवाखान्यात घशातून कॅमेरा घातला. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते म्हणजे पडदा स्वतःकडे वळवून घेतला. काट्याचा आकडा गिऱ्हाईकाकडून वळवून ठेवणारे दुकानदार मी आयुष्यभर पाहिले होते. मग ते माझ्या मुलाला म्हणाले, "बाबांना जरा बाहेर बसवू या."

"बाबा इथेच बसतील," मी म्हणालो. "माल त्यांचा आहे."

मंगेश वरठीच्या पोलाद कारखान्यात आहे. भट्टीपुढे उभा राहणारा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या हातातला मोबाईल दोनदा खाली पडला. घशात, अन्ननलिका सुरू होते तिथे गाठ होती. नाव सांगितलं गेलं. ते तुम्हाला माहीत आहे. पुस्तकांत अशा वेळी माणसाला बालपण आठवतं. मला फक्त एवढंच दिसलं की डॉक्टरांच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर महिना मागचाच होता.

शस्त्रक्रिया नको, किरणांचे शेक देऊ, असं ठरलं. पण सहा आठवड्यांचे शेक सोसायला अंगात काही असावं लागतं. एके काळी मी अठ्ठावन्न किलो होतो. त्या दिवशी चव्वेचाळीस भरलो. "आधी पोटात नळी बसवू," डॉक्टर म्हणाले.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाई जास्त सरळ होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याकडे बघून सांगितलं, "काका, लोकांना वाटतं नळी बसली की माणूस वाचला. तसं नसतं. खंगलेल्या अवस्थेत नळी बसते, त्यांना पहिल्या काही आठवड्यांत धोका जास्त असतो. नळी हा फक्त रस्ता आहे. त्यातून काय जातं त्यावर सगळं आहे."

पूर्ण आजारपणात मला पटलेलं हे पहिलं वाक्य.

पोषण कक्ष

नळी बसली त्याच दिवशी दवाखान्यात पोषण कक्षाचं उद्घाटन होतं. जिन्याला झेंडूच्या माळा, दाराला फीत, आणि फीत कापणाऱ्यांची वाट बघत आम्ही सकाळपासून उपाशी ठेवलेले सात रुग्ण. पाहुणे उशिरा आले. आहार हेच औषध, यावर भाषण झालं. ते ध्वनिक्षेपकावरून आमच्या खाटेपर्यंत येत होतं. नंतर पाहुण्यांना समोसे दिले. समोशांचा वाससुद्धा आला.

नळीतून अन्न कसं द्यायचं हे घरच्यांना करून दाखवायचा कार्यक्रम रोज दुपारी तीनला असे. त्या दिवशी तो झाला नाही. सगळा कर्मचारीवर्ग फोटोत होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी देताना आहारतज्ज्ञ मुलीने सुमनच्या हातात एक कागद दिला. ती कोकणातली होती, नवीन लागलेली, चेहऱ्याने प्रामाणिक. तिने घाईघाईत कागदावरून बोट फिरवलं. दोन वेळा डब्यातली पावडर, आणि चार वेळा तांदूळ-मूगडाळीची पेज, तूप घालून, गाळून, दोनशे मिली.

"पेज करता येते ना काकू?"

सुमन करडी गावची. चार एकर धानाच्या घरात वाढलेली. तिला हा प्रश्न अपमानास्पदच वाटला असणार. "पेज नाही येईन तं का येईन मले?"

"गाळायला विसरू नका हं. दाणा अडकला तर नळी बंद पडते. परत यावं लागेल."

डॉक्टरांनी बारा दिवसांनी बोलावलं. वजन आहे तेवढं राहिलं तरी शेक सुरू करू म्हणाले. उतरलं तर अवघड आहे.

सहा वेळा

घरी माझी खाट बैठकीत टाकली. तिथून स्वयंपाकघराचं दार समोर दिसतं. दिवसातून सहा वेळा सुमन यायची, मला ताठ बसवायची, दट्ट्या काढलेली मोठी सिरिंज नळीला लावून वर धरायची आणि वरून ओतायची. पातळ पांढरट पाणी खाली उतरायचं. पोटात आधी कोमट वाटायचं, मग जड. जीभ या व्यवहारात कुठेच नव्हती. नंतर ढेकर आली तर तुपाचा वास यायचा; चवीच्या नावाने तेवढंच.

सुमन या कामात अतिशय चोख होती. पहिल्यांदा चाळणीतून गाळायची, मग लुगड्याच्या धुतलेल्या फडक्यातून. फडकं रोज उकळायची. नळी एकदाही बंद पडली नाही. शेजारणी बघायला येत आणि म्हणत, "बाप्पा, किती निगुतीनं करून राहिली सुमनबाई!"

आणि मी उतरत होतो. ते मला आरशाच्या आधी पायजम्याच्या नाडीने सांगितलं.

बाराव्या दिवशी नागपूरच्या काट्यावर साडेएक्केचाळीस. डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाले, "आठ दिवस देऊ. चाळीसच्या खाली गेलात तर शेकाचा विचार सोडून देऊ. मग तुम्हाला आराम कसा मिळेल ते बघू."

आराम हा शब्द मी नीट ऐकला. सरकारी कागदातही इतका गुळगुळीत शब्द क्वचित सापडतो.

मिलचा काटा

मी पहिला संशय घेतला तो काट्यावर. सवयीने. दवाखान्याच्या काट्यावर पडताळणीचा शिक्का मला दिसला नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी मंगेशला म्हटलं, मला तांदळाच्या मिलमध्ये घेऊन चल.

"बाबा, तुमी धानाचं पोतं आहा का?"

"पोतं असतो तर तुझ्या डॉक्टरने वजन वाढवून लावलं असतं."

त्या मिलचा काटा मी नोकरीत असताना एकदा बंद पाडला होता, दुरुस्त करायला लावला होता आणि स्वतः तपासून घेतला होता. जगातल्या ज्या मोजक्या काट्यांवर माझा विश्वास आहे त्यांतला तो एक. देवाजी हमाल तेव्हाही तिथेच होता. मला पाहून तो आधी दचकला, मग जवळ आला.

"साहेब! आता काय तपासता? काटा एकदम बराबर आहे जी."

"काट्याला तपासत नाही. मला तपास."

मी काट्यावर उभा राहिलो. शर्टाखालून नळीचं टोक दिसत होतं. देवाजीने ते पाहिलं, आकडा पाहिला, आणि त्याला येत होतं तेच बोलला. "बारदाना कापू का साहेब?"

पोत्यातल्या मालाचं वजन काढताना रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, तोच बारदाना. मी हसलो. हसताना पोटातली जागा दुखली. आकडा एक्केचाळीस होता. दवाखान्याचा काटा खोटा नव्हता. उलट त्याने मला अर्धा किलो जास्तच दिला होता.

"वहिनी, तुमीबी चढा," देवाजी वातावरण हलकं करायला आमच्याबरोबर आलेल्या सुमनला म्हणाला. ती नाही नाही म्हणत चढली. साठ.

"काटा खराबच आहे तुमचा," ती म्हणाली. "दिवाळीत मी सत्तावन भरली होती."

सगळे हसले. मी हसलो नाही. मी तीन किलो गेलो होतो आणि त्याच घरात तीन किलो वाढले होते. ज्याने तीस वर्षं एका पारड्यातलं दुसऱ्या पारड्यात कसं जातं हेच शोधलं, त्याला असा आकडा दिसल्यावर झोप येत नाही.

नमुना

पुढचे दिवस सांगायला मला लाज वाटते, म्हणून लवकर सांगतो.

मी खाटेवरून पाळत ठेवली. मला पाजून झालं की सुमन स्वयंपाकघरात जायची आणि दार लोटून घ्यायची. आतून ताटाचा आवाज. नंतर पाण्याचा. दिवसातून चार वेळा, बरोबर पेजेच्या वेळांना. पावडरीच्या वेळेला नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत ती माझ्याआधी किंवा दार लावून जेवलेली मला आठवत नव्हती.

एकदा विचारलं. घशातून आवाज घोगरा यायचा, त्यामुळे साधा प्रश्नही दरडावल्यासारखा वाटे. "दार कायले लावतेस?"

"मांजर येते."

आमच्या गल्लीत मांजर नाही.

मी पावडरीच्या डब्यावरही संशय घेतला. डब्यावर एक म्हातारा नातवाबरोबर धावत होता. मला तो पहिल्यापासून लबाड वाटत होता. मंगेशकडून दुसऱ्या दुकानातून दुसरा डबा आणवला. फरक नाही. मग मनात दुसरा विचार आला. तो लिहून टाकतो, कारण आजारी माणसाच्या डोक्यात काय काय येतं हे घरच्यांना कळलेलं बरं. मला वाटलं, ही मला पातळ पाजते आणि घट्ट स्वतः खाते. मुद्दाम. थकली असेल. सहा वेळा उठबस, फडकी उकळणं, घरात सगळीकडे तो औषधी वास. मी मेलो तर तिला दुपारी जरा आडवं होता येईल. हे सगळं मला तर्कशुद्ध वाटत होतं. उपाशी डोकं फार तर्कशुद्ध असतं.

आठव्या दिवशी नागपूरला निघायच्या आधी सुमन सिरिंज धुवायला मागे गेली, तेव्हा मी पातेल्यातली उरलेली पेज औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरली. बूच लावलं. बुचावर चिकटपट्टी लावली, तिच्यावर तारीख टाकली आणि सही केली. जप्त केलेला नमुना असाच बंद करतात. सही बरोबर आली.

काट्यावर चाळीस किलो दोनशे ग्रॅम.

डॉक्टर शस्त्रक्रियेत होते, म्हणून आधी आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. मी बाटली टेबलावर ठेवली. "ही तपासा."

तिने ती उजेडाकडे धरली. हलवली. "काका, हे काय आहे?"

"पेज," सुमन म्हणाली. बाटली पाहून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "तुमी लिहून देली तेच. तांदूळ, डाळ, तूप."

"पण हे पाणी आहे."

"मंग पेज म्हणजे पाणीच असते ना वो बाई! भात शिजला का वरून निथळून काढतो ते पेज."

मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "आमच्याकडे... आमच्याकडे पेज म्हणजे सगळं. शितांसकट. खिमट होईपर्यंत शिजवलेला भात. आम्ही तीच खातो. मला वाटलं तुम्ही ती घोटून, मिक्सरमधून काढून..."

"गाळून म्हणाले ना तुमी. दाणा नको म्हणाले."

"मग भात आणि डाळ कुठे जातात काकू?"

हा माझा प्रश्न होता. तीस वर्षांच्या नोकरीत मी असाच नेमक्या क्षणी विचारत असे. आता तो दुसऱ्या कुणी विचारला, तर मला खोलीतून उठून जावंसं वाटलं.

"मीच खातो," सुमन म्हणाली. "फेकू कसं? तुपातलं अन्न. चार चार वेळा. खाऊन खाऊन आता गळ्याशी येते."

मंगेश म्हणाला, "आई, नुसतंच? भाजी नाही करत?"

"भाजीले फोडणी द्या लागते. फोडणीचा वास बाहेर जाते. त्याईले काही खाता येत नाही, अन् आपण लसणाचा वास सोडायचा? दार लावून मिठासंगं खाऊन घेतो."

म्हणजे माझा तपास अचूक निघाला. माल तिच्याच पारड्यात गेला होता. तीन आठवडे मी भाताचं पाणी पीत होतो आणि ती माझं जेवण, अळणी, चार वेळा, कर्तव्य म्हणून गिळत होती. कुणी चोरी केली नव्हती. एक शब्द दोन जिल्ह्यांत दोन मापांचा होता आणि तो कुणी पडताळला नव्हता.

घोटून

डॉक्टर आले. मुलीने सगळं स्वतःहून सांगितलं, चूक माझी म्हणाली. पोषण कक्षाच्या फोटोतल्या दुसऱ्या कुणीही हे केलं नसतं. डॉक्टर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच. "म्हणजे आजाराने नाही उतरले," ते म्हणाले, "उपासाने उतरले." आराम हा शब्द परत निघाला नाही.

मला पाच दिवस ठेवून घेतलं. उपाशी शरीरात एकदम भरायचं नसतं, तेही धोक्याचं असतं, म्हणून रोज रक्त तपासत थोडं थोडं वाढवलं. मुलीने सुमनला समोर उभं करून शिकवलं: भात-डाळ गळेपर्यंत शिजवा, मिक्सरमधून काढा, चाळणीतून उतरवा, वर जे राहील ते परत मिक्सरमध्ये. सुमनने तिला आमच्याकडचे शब्द शिकवले. दवाखान्याच्या कागदावर आता पेज हा शब्द नाही. तिथे लिहिलं आहे: शिजलेला भात व डाळ, घोटून, पाणी न काढता. ही माझ्या माहितीतली त्या पोषण कक्षाची पहिली खरी कामगिरी, आणि तिला फीत लागली नाही.

एक्केचाळीसला शेक सुरू झाले. सहा आठवडे. घसा आतून भाजला, मानेची कातडी काळी पडली, लाळ गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. त्यातही काटा चाळीसच्या वर राहिला, दोनदा जेमतेम. परवाच्या तपासणीत गाठ आक्रसली आहे म्हणाले. बरे झालात असं म्हणाले नाहीत, आणि म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता. नळी अजून आहे. दिवसातून दोन चमचे पाणी तोंडाने घ्यायची परवानगी आहे. पाण्याला चव असते हे मला साठाव्या वर्षी कळलं.

काल मिलमध्ये गेलो. पंचेचाळीस. देवाजीने दोनदा बघितलं आणि विचारलं, "बारदाना?"

"कापू नको," सुमन मागून म्हणाली. "नळीसकट मोज."

घरी आल्यावर ती जेवायला बसली. आता स्वयंपाकघराचं दार उघडं असतं. वांग्याच्या भाजीला लसणाची फोडणी होती. त्या वासाने मला त्रास होत नाही, उलट मी खुर्ची दाराजवळ ओढून घेतो. बोलायचं तर आत्ताच, असं वाटलं.

"त्या दिवशी मी बाटली नेली ना," मी म्हटलं. "तू किती स्वच्छ गाळतेस ते त्या मुलीला दाखवावं म्हणून..."

"राहू द्या जी." तिने ताटातून मान वर केली नाही. "बाटलीवर सही केली होती तुमी. तारीफ करायले सही लागत नाही."

मी विचारलं, "तुले दिसली होती? मंग बोलली काहून नाही?"

"कायले बोलू? रोज डोळ्यापुढं उतरून राहिले होते तुमी. माह्या हातानं पाजून उतरून राहिले होते." तिने शेवटचा घास खाल्ला. "मलेबी माह्यावर शक होता."

तिने हात धुतले, सिरिंज आणली, घड्याळ पाहिलं.

"ताठ बसा," ती म्हणाली. "टाइम झाला."